त्रेचाळीस क्रमांकाची नोंद

बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस कसं आलं, हा प्रश्न मला नांदेडच्या खेळमेळ्यात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पुस्तक हातात घेऊन येतात, पान उघडून दाखवतात, आणि चूक सापडल्याचा आनंद तोंडावर लपत नाही. मी आजवर सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की ती चूक नाही, तपासून गाळलेली नोंद आहे. का गाळली ते सांगितलं नाही. आज सांगते, कारण जिची परवानगी हवी होती तिनं ती दिली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आणि त्या बाईच्या खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत. जन्म दुसऱ्याची चुकीची माहिती शोधण्यात गेला, आता पहिल्यांदाच स्वतःहून चुकीची लिहिते आहे. एकच खूण खरी ठेवली आहे.

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी 'राक्षस तपासते' म्हणून सांगते. आमचे हे लग्नाकार्यात अजूनही 'मॅडम रिटायर झाल्या' एवढंच सांगून विषय बदलतात. लातूरला मी गणित शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर प्रकाशक विरूपाक्षअप्पांच्या गाइडांच्या उत्तरतालिका तपासल्या. तालिका तपासायची म्हणजे छापलेलं उत्तर झाकून गणित स्वतः सोडवायचं, मग झाकण काढून बघायचं. तीस वर्षांत माझ्या सहीनंतर चुकलेलं उत्तर बाजारात गेलं नाही. पुढं अप्पांना काय सुचलं कोण जाणे, ते गाइडांबरोबर भूमिकाखेळांची मराठी पुस्तकं काढू लागले. त्यातही आकडे असतात आणि ते चुकतात, म्हणून मला बोलावणं आलं.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी वाटाड्या. सूत्रधार सांगतो की समोर जंगल आहे, जंगलातून अमुक एक प्राणी आला. मग ज्याने त्याने आपण काय करणार ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा सांगतो जमलं की नाही. हे प्राणी आणि राक्षस ज्या पुस्तकात असतात त्यातल्या प्रत्येक नोंदीला चार चौकटी असतात: दिसतं कसं, आढळतं कुठं, इजा कशी करतं आणि हरतं कशानं. चौथी चौकट बिघडली की खेळ बिघडला. एक लेखक विहिरीतल्या एका जीवाचं हरणंच लिहायचं विसरला होता. इंजिनिअरिंगची पाच पोरं सकाळी दहापासून त्याच्याशी लढत होती आणि मी वही घेऊन बघत होते. दोन वाजता त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, जेवून येतो, तोवर त्याला म्हणावं थांब."

म्हणून माझा नियम आहे. नोंद कागदावर कितीही बरोबर दिसो, तीन टेबलांवर खेळवल्याशिवाय सही करायची नाही. दोन टेबलं लातूरची, एक नव्यांचं आणि एक मुरलेल्यांचं. तिसरं नांदेडचं. तिथली मंडळी वांड, नियमातली फट शोधून काढतात. हा नियम मी एकदाच मोडला आणि तो नेमका या पुस्तकाच्या वेळी.

पुस्तक सोमनाथचं. निलंग्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, तिशीचा, अबोल. आपल्याकडच्या गावागावांतून ज्या जीवांच्या गोष्टी सांगतात त्या त्यानं मोटरसायकलवर फिरून गोळा केल्या होत्या. हिमायतनगरच्या बाजूच्या जंगलातल्या, गोदावरीच्या डोहातल्या, उसाच्या फडातल्या. मी पुष्कळ हस्तलिखितं लालेलाल केली आहेत, पण हे वाचताना पेन बाजूला ठेवून वाचत गेले. त्रेचाळीस क्रमांकाला 'भानामतीण' होती. गावाबाहेर राहणारी, करणी करणारी बाई. नोंद इतकी भरीव होती की मी समासात 'पुस्तकातली सर्वांत पक्की नोंद' असा शेरा मारला. डावा पाय ओढत चालते. हनुवटीपासून गळ्यापर्यंत पांढरा डाग. अकरा कोंबड्या पाळते. ओढ्याच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली एकटी राहते. एकटी असताना कानडीत बोलते. हरतं कशानं, तर समोरचे दात पाडले की तिची विद्या जाते.

लातूरच्या दोन्ही टेबलांवर ही नोंद उत्तम चालली. दात पाडायचे म्हणजे खेळाडूला तिच्या जवळ जावं लागतं, जवळ जाणं धोक्याचं, त्यामुळे रंगत येते. मी वहीत लिहिलं, 'चौथी चौकट चोख.' नांदेडचं टेबल पुढच्या रविवारी होतं, पण अप्पा घाईला आले होते. मेळ्यात प्रकाशन जाहीर झालेलं, यंत्र सोमवारी या पुस्तकाला लागणार होतं आणि त्याआधी पानं पक्की हवी होती. "मॅडम, नांदेडचं काय, शास्त्रापुरतंच ना? सही देऊन टाका," ते म्हणाले, आणि मी देऊन टाकली.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी तरीही नांदेडला गेले. सही दिली असली तरी वही अपुरी ठेवायची सवय नाही. टेबलावर सविता होती. एसटीत कंडक्टर आहे, सव्वीस-सत्तावीसची, फासा टाकते तोही तिकीट फाडल्यासारखा फाडकन. माझ्या तिन्ही टेबलांत तिच्याइतकी हुशार खेळाडू नाही. आमची पद्धत अशी, की सूत्रधारानं पहिल्या दोन चौकटी मोठ्यानं वाचायच्या, मग खेळ. त्यानं त्रेचाळीस वाचायला घेतली. सविता डब्यातले शेंगदाणे खात होती, ती खायची थांबली. मी ते पाहिलं, पण मला वाटलं डाव आखते आहे.

लढाई सुरू झाली.  सविताची पाळी आली तेव्हा ती मानेनंच नाही म्हणाली. एकानं फासा टाकून सूत्रधाराकडून चौथी चौकट वाचून घेतली. मग शेजारच्या पोरानं सांगितलं, "मी जवळ जातो आन् दगडानं दात पाडतो." फासा टाकला, वीस पडले. वीस पडले की टेबल टाळ्या वाजवतं, तसं वाजवलं. सविता उठली. तिचा स्वतःचा फासा मुठीत होता, तो तिनं माझ्या वहीवर ठेवला.

"मॅडम, हे कुणी लिवलं?"

"लेखकानं. का?"

"ही माझी आत्या हाय."

कुणी तरी हसलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाय तसाच हाय. डाग हाय. करंज हाय, ओढा हाय. कोंबड्या हायत. जळकोटच्या पुढं आमचं गाव, गावाभायेर आत्या राहती. मी म्हैन्याला गोळ्या नेऊन देते तिच्या." मग ती खाली बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आन् दात पाडायची तुमाला गरज न्हाई. आधीच पाडलेत. मी तिसरीत होते तवा."

मला काय वाटलं ते लिहायला हवं. आधी लाज नाही वाटली, आधी हिशेब आला डोक्यात. सही, सोमवार, यंत्र. मग टाळ्या आठवल्या, आणि मीही वहीत टिकमार्क केला होता तो दिसला. मी वही मिटली आणि फोन काढला.

अप्पांचा फोन वाजत राहिला. चार वेळा लावला. प्रेसमध्ये यंत्र चालू असलं की ते फोन टेबलाच्या खणात टाकतात. यंत्र तर सोमवारी लागायचं होतं, मग हे तिथं कशाला, असं मी स्वतःला समजावत होते. पाचव्यांदा उचलला आणि मागं यंत्राचा आवाज होता.

"आज सकाळीच लावलं मॅडम," ते म्हणाले. "चार फॉर्मे झाले बी." एक फॉर्मा म्हणजे सोळा पानांचा मोठा कागद. त्रेचाळीस चौथ्या फॉर्म्यात होती.

मी सांगितलं.  ते म्हणाले, "तुमची सही हाय आमच्याकडं. आन् पुस्तक सोमनाथचं हाय. त्यो म्हणाला तर थांबवतो, मी माझ्या मनानं पान काढणार न्हाई. मंगळवारी बायंडिंगला जायलंय. उद्या सकाळी तुमी आन् त्यो, दोघं या."

सविता माझ्याबरोबर निघाली. रजेचा अर्ज तिनं बसस्टँडवरच लिहिला. लोहा, अहमदपूर, सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, नोंद ठेवून खुणा तेवढ्या बदलल्या, तर चालेल का? "तुमी लातूरचं बघायलाव," ती म्हणाली. "आमच्याकडं आता नुस्तं बोलतेत. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू आजारी पडलं, की आत्याकडं बोट. पण बोलणं कुणी मानतं, कुणी न्हाई. पुस्तकात छापून आलं म्हंजे खरं झालं मॅडम. पान दाखवून बोलतील. मग ती वळणावर बी ऱ्हायची न्हाई." 

सोमवारी सकाळी प्रेसमध्ये चौघं होतो. छापलेले कागद भिंतीला लावून रचले होते, शाईचा वास येत होता. सोमनाथनं सविताचं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, पण तो हो म्हणेना.

"सहा वर्षं घातलीत मी याच्यात," तो म्हणाला. "हा फॉर्मा काढला तर प्रकाशन गेलं. त्या बाईचं नाव लिहिलंय का मी कुठं?"

"नावाशिवाय कुणाला कळणार नाही असं वाटतं तुला?" मी शिक्षकाच्या आवाजात विचारलं. "इतक्या खुणा कशाला लिहिल्यास मग? बाईला बघून आलास आणि तशीच्या तशी उतरवलीस?"

त्यानं पिशवीतून एक वही काढली. त्याचा पहिला खर्डा. त्रेचाळीसचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. त्यात एकच ओळ होती: 'गावाबाहेर राहणारी बाई, करणी करते असं म्हणतात.' आणि समासात लाल शाईनं, माझ्या अक्षरात: 'मोघम. नेमकं लिहा. दिसते कशी? चालते कशी? राहते कुठे? हरते कशाने?'

मी विसरून गेले होते. अशा शेकडो ओळी मी समासांत लिहिल्या आहेत, ती माझी ख्याती आहे. अप्पांनी वाकून पाहिलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"तुमच्या शेऱ्यानंतर मी परत गेलो," सोमनाथ म्हणाला. "ते गाव माझं आजोळ हाय. मामाला विचारलं. मामानं सगळं सांगितलं, पाय, डाग, कोंबड्या. दातांचं बी त्यानंच सांगितलं. मी तिला बघितलं न्हाई."

"कामून?" सविता पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "ओढा काय लांब हाय का गावापासून?"

तो खाली बघत होता. "भ्यालो," तो म्हणाला. "शाळेत मी अंधश्रद्धेवर भाषण देतो, दर वर्षी. त्या वळणापर्यंत गेलो होतो. गाडी वळवून परत आलो."

 मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त माझा. मी अप्पांकडून माझा सहीचा अहवाल मागून घेतला, त्यावर 'रद्द' लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. तीस वर्षांत सही मागे घेण्याची ही पहिलीच वेळ. सोमनाथनं ते पाहिलं. मग तो उठला, चौथ्या फॉर्म्याच्या गठ्ठ्यापाशी गेला आणि वरचे कागद दोन्ही हातांत धरून उचलायला लागला. अप्पा म्हणाले, "तसं नको, कंबर धरंल. पोरं करतेत." पण तो ऐकेना. मग सवितानं दुसरी बाजू धरली. दुपारपर्यंत सगळा गठ्ठा कटिंग मशीनखाली गेला. चाचणीसाठी टेबलांवर दिलेल्या तिन्ही प्रती मी मोजून परत घेतल्या, लातूरच्या दोन आणि नांदेडची एक. नोंदींचे क्रमांक बाकी पुस्तकात जागोजागी आले होते, ते बदलायला वेळ नव्हता. मी म्हटलं, बदलूच नका. जागा मोकळी दिसू दे.

प्रकाशन हुकलं. पुढं तीन महिन्यांनी झालं. त्या आधी एका सकाळी आम्ही तिघं आत्यांकडे गेलो. सविताचं म्हणणं पडलं, की तिच्याबद्दल एवढं झालं तर तिला सांगायला पाहिजे. सोमनाथला मीच बरोबर घेतलं. वळणापाशी त्याची चाल मंदावली. मी मागून चालत राहिले.

आत्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. माणूस लहानखुरं, डोळे तल्लख. "बर्री, बर्री," त्या म्हणाल्या. त्यांची आई कर्नाटकातली, या म्हणायचं तर आधी तेच तोंडात येतं. सवितानं सांगितलं, मॅडम लातूरच्या, पुस्तकं तपासतात. आत्यांनी चहा टाकला. मी पर्समधून त्या पानाची प्रत काढली. एक प्रत मी ठेवली होती, पुरावा म्हणून.

"वाचा," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं. इतकं कठीण वाचन मी कधी केलेलं नाही. आत्या सूप हातात घेऊन ऐकत होत्या, आणि मधे मधे दुरुस्त करत होत्या. "कोंबड्या अकरा न्हाईत, नऊ. दोन नेल्या कुणीतरी." "एकटी कुठं बोलते, कोंबड्यांशी बोलते. त्यांना कानडीच कळती." सविता हसली. मीही हसले असेन. मग चौथी चौकट आली. मी थांबले. त्यांनी हातानंच पुढं वाच म्हणून खुणावलं. मी वाचलं: समोरचे दात पाडले की तिची विद्या जाते.

आत्यांनी सूप खाली ठेवलं.

"कुणी पाडले ते न्हाई लिवलं?"

पान माझ्या हातात होतं. दिसते कशी, चालते कशी, राहते कुठे, हरते कशाने, सगळं मी विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.

आत्यांनी सोमनाथकडे पाहिलं. तो दारातच बसला होता, चहा तसाच. "तू लिवलंस न्हवं? तुला कुणी सांगितलं दाताचं?"

"मामानं," सोमनाथ म्हणाला, आणि मामाचं नाव सांगितलं.

"हां," आत्या म्हणाल्या. "त्याला ठाऊकच असनार. त्यानंच दगुड उचलला हुता."

सूप परत मांडीवर घेऊन त्या तांदूळ निवडायला लागल्या.  सोमनाथनं कप खाली ठेवला आणि निघाला. तो एसटीच्या थांब्याकडे वळला नाही, गावाकडे वळला, मामाच्या घराकडे. तिथं काय झालं ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच माहीत आहे, की त्यानंतर त्याचं आजोळ तुटलं, आणि दर महिन्याच्या गोळ्या आता कधी सविता नेते, कधी तो.

परवा हे लिहायला बसण्याआधी मी पुन्हा आत्यांकडे गेले. म्हटलं, एका मासिकाच्या अंकात हे सगळं लिहू का? तुमचं नाव घेणार नाही, गाव सांगणार नाही. पाय, डाग, झाड, कोंबड्या, सगळं बदलते. कुणाला ओळखू यायचं नाही.

आत्यांनी जरा वेळ विचार केला.

"बदल की," त्या म्हणाल्या. "बाकी काय बी बदल. दाताचं तेवढं बदलू नको."